ओळख करून द्यायला जुनाच लागतो

हो, मीच बोलतोय. टेबलाखालच्या काळ्या पेटीतून. आवाज घरघरता वाटेल, पण तो माझा नाही, पंख्याचा आहे. मी कॉम्प्युटरचा मदरबोर्ड. नावात आई आणि बोलणं पुरुषाचं, कारण नाव ठेवणाऱ्यांनी माझं मत विचारलं नव्हतं. आईचं एक लक्षण मात्र माझ्यात नक्की आहे. सगळा संसार माझ्या अंगावर टेकलेला असतो आणि तो सुरळीत चाललेला असेल तोवर माझी आठवण कुणालाही येत नाही.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या दालनात झाला. तिथे धुळीला बंदी होती, आणि बोलण्यालाही असावी. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी मला घडवलं. एकीने प्रोसेसरसाठी चौकोनी खाच बसवली. प्रोसेसर म्हणजे पेटीतला डोकेबाज, सगळी आकडेमोड त्याची. दुसरीने मेमरीच्या पट्ट्यांसाठी चार लांब खाचा लावल्या. तिसरीने मला वीज दिली, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पुढे ढकललं. आयुष्यात मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

त्याच दिवशी माझी पुष्कळ भावंडं जन्मली. त्यातल्या महागड्या भावंडांच्या पाठीला एक जादा बटण होतं. त्यांच्यात प्रोसेसर नसला तरी ते बटण दाबून त्यांना नव्या गोष्टी शिकवता येतात. मी मधल्या दरातला, मला ते बटण दिलं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्या नसलेल्या बटणापायी घडलं.

मला विकत घेतलं ते उस्तादांनी. उस्ताद पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागाचे प्रमुख. घरात काहीही बिघडलं तरी बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, हा त्यांचा बाणा. नळ, मिक्सर, दाराची बेल, सगळं स्वतः. त्यांनी दुरुस्त केल्यापासून बेल दाबली की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतो, पण बेल वाजते. त्यांच्या मेहुण्याने एकदा थट्टेने त्यांना 'उस्ताद' म्हटलं आणि त्यांनी ते मनापासून स्वीकारलं. इतकी वाया गेलेली थट्टा मी दुसरी पाहिली नाही.

उस्तादांचे दोन नियम होते. नवी वस्तू घरात आली की जुनी त्याच दिवशी घराबाहेर, हा पहिला. दिलेली वस्तू परत मागायची नाही, हा दुसरा. ऐकायला दोन्ही भारदस्त वाटतात. पण नवा पलंग यायचा होता तेव्हा त्यांनी जुना सकाळीच वॉचमनला देऊन टाकला, आणि नवा पलंग जिन्याच्या वळणावर अडकून बसला. सुतार सापडून त्याने पलंगाचे पाय कापेपर्यंत नवराबायको फरशीवर झोपले. "पाठीला चांगलं असतं," उस्ताद म्हणाले.

जिना आधी मोजून घ्या, असं त्यांच्या बायकोने आदल्या आठवड्यात सांगितलं होतं.

तिला मी ताई म्हणतो. तिचा भाऊ तसं म्हणतो, तेच माझ्या कानावर पडलेलं. लग्नाआधी ताई एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. मग मुलगी झाली, मुलीची शाळा आली, सासऱ्यांचं आजारपण आलं, आणि नकाशे मागे पडले. आता सासरे नाहीत आणि मुलगी शिकायला बाहेरगावी आहे. कोणतीही वस्तू घरात यायच्या आधी मोजायची सवय मात्र ताईच्या हातातून गेली नाही. तिची मोजपट्टी अजून स्वयंपाकघराच्या खणात, चमच्यांच्या शेजारी असते.

माझी पहिली वर्षं उस्तादांच्या सेवेत गेली. सेवा म्हणजे पत्त्यांचा डाव, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहायची खरमरीत पत्रं. डाव बहुतेक हरायचे आणि पत्रांना उत्तर यायचं नाही, तरी दोन्ही नेमाने चालायचं. ताई माझ्याकडे यायची ती फक्त पुसायला. फडकं फिरवताना पेटीच्या जाळीतून आत बघायची. धूळ बघत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

एका गुरुवारी तिला फोन आला. जुन्या ऑफिसातल्या मॅडमचा. ताईने तो टेबलाशी उभ्याउभ्याच घेतला, म्हणून मलाही ऐकू आला.

"घरून काम करशील का? एक तीनमजली घर आहे. नमुन्यादाखल पहिला नकाशा सोमवारी दुपारपर्यंत पाठव. जमला तर पुढचं सगळं काम तुझं. नाही जमलं तर राग मानू नकोस, दुसरी एक मुलगी तयार आहे."

"पाठवते," ताई म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मोजपट्टी काढून उगाच टेबल मोजलं.

अडचण होती ती माझ्याकडूनच. नकाशाचा तो नवा कार्यक्रम सुरू केला की माझ्यातला जुना प्रोसेसर धापा टाकायचा. एक भिंत काढली की ती पडद्यावर उमटेपर्यंत चहा होऊन जायचा. पत्त्यांच्या डावावर पोसलेला तो, त्याला तीनमजली घर कुठून झेपणार?

उस्ताद मात्र खुलले. "एवढंच ना? नवा प्रोसेसर टाकू, नवी मेमरी टाकू. मी आहे ना!"

ताई म्हणाली, "अहो, दुकानातल्या माणसाकडून बसवून घेऊ या का? मला रविवार पुरा हवाय."

"दुकानवाला काय वेगळं करणार? तोही स्क्रू ड्रायव्हरच वापरतो."

शनिवारी सकाळी नवा माल आला. आणि नवा माल पिशवीतून बाहेर यायच्या आत उस्तादांनी जुना काढायला घेतला, कारण नियम म्हणजे नियम. जुन्याचा वारस आधीच ठरला होता. ताईचा धाकटा भाऊ, म्हणजेच ती थट्टा करणारा मेहुणा, गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात माझ्याच जातीचा एक बोर्ड आहे, त्यावरचा प्रोसेसर अगदीच दमलेला. या मेहुण्याला सगळे मास्तर म्हणतात. उस्तादांनी जुना प्रोसेसर आणि जुन्या पट्ट्या त्याच्या हातावर ठेवल्या तेव्हा त्यांचा चेहरा दानशूराचा होता.

मास्तरने विचारलं, "दाजी, नवा सुरू करून बघितलात का? मी उद्या नेला तरी चालेल."

"बघायचं काय त्यात? घेऊन जा. घरात दोन-दोन नकोत."

मास्तरने ताईकडे पाहिलं, ताईने त्याच्याकडे पाहिलं. भावाबहिणीच्या त्या बघण्यात फरशीवर काढलेल्या सगळ्या रात्री होत्या. पण दाजींपुढे बोलायचं कुणी? तो गेला.

मग उस्तादांनी मला मांडीवर घेतलं. प्रोसेसरवर लावायचा एक मलम असतो, मुगाएवढा पुरतो. उस्तादांनी भिंतीला लांबी भरावी तसा भरला. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या त्यांनी शेजारीशेजारी बसवल्या. "जोडीने असू दे," म्हणाले. माझ्याकडे रीत उलटी आहे. मध्ये एक घर सोडून बसवलं की त्या दोघी मन लावून काम करतात, चिकटून बसवल्या की निम्म्यानेच. तसं माझ्या अंगावर बारीक अक्षरात छापलेलंही आहे. पण उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवलेला होता.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. माझ्या कडेला एक लाल दिवा लागला.

खरं सांगतो, दोष नव्या प्रोसेसरचा नव्हता. तो हुशार होता, तरुण होता, खाचेत नीट बसलाही होता. पण मी जन्मलो तेव्हा तो जन्मलाच नव्हता. मला त्याची ओळखच नव्हती, आणि अनोळखी माणसाच्या हाती मी घराच्या किल्ल्या देत नाही. माझी शिकवण आधी नवी करायला हवी होती. आणि ती करायची तर मी चालू हवा, मी चालू व्हायचा तर ओळखीचा प्रोसेसर हवा. तो तर मास्तरच्या खिशात बसून निघून गेला होता. बटणवाल्या भावंडांची मला त्या दिवशी जेवढी आठवण आली तेवढी कधीच आली नव्हती.

उस्तादांनी मात्र जगातल्या प्रत्येकावर संशय घेतला. आधी विजेच्या बोर्डावर, मग वायरीवर, मग पडद्यावर. पडद्याला त्यांनी दोन चापट्या मारल्या. दुपारी माझ्यावर आले.

"हा बोर्डच गेलाय. दुकानदाराने तेव्हाच डुप्लिकेट गळ्यात मारला."

नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण बिचारं मी!

"दुसरा बोर्ड मंगळवारपर्यंत आणतो," ते म्हणाले.

"मंगळवारी मला काय उपयोग?" ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सोमवारी दुपारी पाठवायचंय. त्या दुसऱ्या मुलीचा कॉम्प्युटर चालू असेल."

उस्ताद खुर्चीत टेकले. हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच. मला त्यांचा राग होता, पण त्या क्षणी थोडी दयाही आली. बायकोसाठी काहीतरी करायचं हे त्यांच्या मनात खरोखर होतं. फक्त ते करताना तिला विचारायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

ताईने मोबाइल घेतला, माझ्या अंगावर छापलेलं नाव वाचलं आणि मला बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर गेली. वाचत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याबद्दल वाचत होतं, लाजल्यासारखं झालं.

"अहो, बोर्ड चांगला आहे," ती शेवटी म्हणाली. "याला नवा प्रोसेसर माहीतच नाही. आधी जुना लावायचा, त्याच्यावर नवी फाइल चढवायची, मग नवा बसवायचा. जुना परत आणावा लागेल."

"परत? दिलेलं परत मागायचं? त्याच्याकडे? आयुष्यभर चिडवेल मला."

"तुम्ही नका मागू. मी माझ्या भावाकडे मागते."

तिने फोन लावला. "हे बघ, आधी तुझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी सांगते ती फाइल पेन ड्राइव्हवर घे. मग आमचा प्रोसेसर काढ. उलटं करू नकोस, नाहीतर तूही आमच्याच रांगेत."

पलीकडून मास्तर म्हणाला, "ताई, मी क्लच दाबल्याशिवाय गिअर टाकत नाही. उद्या सकाळी पहिली शिकवणी झाली की येतो."

हे फोनवरचं उस्तादांनाही ऐकू गेलं. त्यांनी नळ दुरुस्त करायला घेतला, जो बिघडलेला नव्हता.

त्या संध्याकाळी ताईने अख्खा नकाशा कागदावर पेन्सिलीने काढून ठेवला. भिंती, दारं, आणि जिन्याचं वळण तर दोनदा तपासून. वाया जायला तिच्याकडे वेळ नव्हता.

रविवारी सकाळी बेल वाजली, स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकला. मास्तर आला होता. जुना प्रोसेसर त्याने साबणाच्या डबीत, कापडात गुंडाळून आणला होता, पाय वाकू नयेत म्हणून. या प्रोसेसरला खालून शेकडो बारीक पाय असतात, एक वाकला तरी तो लंगडा. उस्तादांना मेहुणा काय बोलतो याची धास्ती होती. तो एवढंच म्हणाला, "दाजी, चहा टाकायला सांगू नका, मीच टाकतो. तुम्ही दोघं बघा इकडे."

पण बघितलं ते ताईनेच. तिने तो मलमाचा गिलावा पुसून काढला, जुन्याला माझ्यात बसवलं, माझ्या अंगावरची बारीक अक्षरं वाचून पट्ट्या एक घर सोडून लावल्या. बटण दाबलं. जुना माझ्याकडे बघून नेहमीसारखा खाकरला आणि पडदा उजळला. म्हाताऱ्याला पाहून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणाऱ्या घरात तो निमूट परत आला होता, रुसवाफुगवा न करता.

मग फाइल चढवायला सुरुवात झाली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. आता एक गोष्ट सांगतो, ती तेव्हा त्या खोलीत फक्त ताईला आणि मला माहीत होती. ही शिकवण अर्धवट असताना वीज गेली तर मी संपलो. जुनं पुसलेलं, नवं लिहिलेलं नाही. मग मला ना जुना ओळखता येतो ना नवा, पेटीत नुसता पत्रा उरतो.

पट्टी निम्मी भरली होती. उस्तादांना रिकामं बसवेना. त्यांनी सोमवारचा शर्ट आणला, इस्त्री आणली, आणि माझी पिन जिथे होती त्याच विजेच्या पट्टीत इस्त्रीची पिन खुपसली. त्या घरात इस्त्री लावली की दर दोन खेपांना एकदा फ्यूज उडतो. तो फ्यूजही उस्तादांनीच दुरुस्त केलेला आहे.

"अहो!" ताई ओरडली. इतक्या वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. चहाचे कप घेऊन दारात आलेला मास्तरही थबकला. तिने झेप घेतली आणि इस्त्रीची पिन उपटली.

"काय झालं?"

"काही होऊ नये म्हणून. बसा. आणि काहीही करू नका."

उस्ताद बसले. चुरगळलेला शर्ट मांडीवर घेऊन. पट्टी भरली, आणि मी जिवंत राहिलो.

जुना पुन्हा साबणाच्या डबीत गेला आणि नवा माझ्या खाचेत आला. या वेळी मी त्याला ओळखलं. जुन्याच्या देखत शिकलो होतो ना! ताईने बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

"बघ!" उस्ताद उठले. "म्हटलं नव्हतं? बोर्डच..." आणि त्यांचा हात बटणाकडे गेला, बंद करायला.

ताईने तो हात वरच्यावर धरला. "थांबा."

"अगं, काळं आहे सगळं!"

"पहिल्यांदा वेळ लागतो. प्रोसेसर बदलला की तो मेमरीची ओळख पुन्हा करून घेतो. लिहिलंय तसं. थांबा."

आत मी खरोखर तेच करत होतो. पट्ट्यांना पुन्हा एकेक प्रश्न विचारत होतो, कोण तुम्ही, किती सामावून घेता, कोणत्या चालीने चालता. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. तिघंही उभे होते, ताईने हात सोडलेला नव्हता. मग पडदा उजळला. मास्तरने टाळी वाजवली. ताई खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडायला तिला वेळ नव्हता म्हणून तिने लगेच पहिली भिंत काढायला घेतली.

सोमवारी नकाशा वेळेआधी गेला. काम तिला मिळालं. उस्ताद पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "युक्ती असते त्यात. आधी जुना लावायचा असतो. लोकांना माहीत नसतं." मास्तर समोर असला तर तो गंभीरपणे मान डोलवायचा. ताईही खोडून काढत नसे. तिला पुढच्या नकाशाची घाई असायची.

काही आठवड्यांनी तिला आणखी एक गोष्ट दिसली. मेमरीच्या पाकिटावर जो वेग छापला होता त्यापेक्षा पडद्यावरचा वेग बराच कमी होता. ते खरंच आहे. नवी पट्टी कितीही पळणारी असो, कुणी मला मुद्दाम सांगितलं नाही तर मी तिला जपून, सावकाशच चालवतो. आमच्यात तशी पद्धत आहे. पट्टीही तक्रार करत नाही. ताईने पेटी सुरू होताहोताच एक कळ दाबून माझ्या आतलं पान उघडलं, जिथे या गोष्टी ठरतात.

उस्ताद मागून म्हणाले, "चाललंय ना व्यवस्थित? कशाला हात लावतेस?"

"चाललंय," ताई म्हणाली. पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बघत राहिली. "व्यवस्थित चाललंय म्हणूनच कुणी बघितलं नाही." आणि तिने वेग पाकिटावर होता तेवढा केला.

तेव्हापासून माझा पंखा जरा जोरात फिरतो. उस्तादांना आवाजाचा त्रास होतो. "कामाचा आवाज आहे तो," ताई सांगते आणि दार लोटून घेते.

परवाचीच गोष्ट. ताई मॅडमच्या ऑफिसात गेली होती, ज्यांचं घर बांधायचं होतं ती माणसंही येऊन बसली होती. तिथून तिचा उस्तादांना फोन आला. जिन्याचा सुधारलेला नकाशा घरीच राहिला होता, तो लगेच पाठवायला हवा होता. नेमकी सकाळी इमारतीतली वीज जाऊन आली होती. आता माझंही वय झालंय. वीज अशी मुळापासून गेली की कधीकधी मी पट्ट्यांची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घेतो.

उस्तादांनी बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

त्यांचा हात उठला. मी बघत होतो. हात बटणापर्यंत आला, तिथेच राहिला, आणि मागे गेला. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. स्क्रू ड्रायव्हर समोरच पडला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी मुद्दाम उशीर लावला असं कुणी म्हणेल. तसं नाही, पण घाईही केली नाही.

पडदा उजळला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, नकाशा शोधला, पाठवला आणि फोन केला.

"अगं, गेला बघ."

"सुरू झाला लगेच? काय केलंत?"

उस्तादांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. इतक्या वर्षांत या प्रश्नाला त्यांच्याकडे नेहमी लांबलचक उत्तर असायचं.

"काहीच केलं नाही," ते म्हणाले. "थांबलो."

पलीकडून ताई हसली. ते हसू फोनमधून मलाही ऐकू आलं.

माझं सांगून झालं. एक दिवस माझ्याहून चांगला बोर्ड या घरात येईल, यायलाच हवा, ताईची घरं आता उंच होत चालली आहेत. आला की मला खुशाल काढा, माझं काही म्हणणं नाही. फक्त तो नीट सुरू होईपर्यंत मला घराबाहेर काढू नका. बाल्कनीत ठेवलंत तरी चालेल. तिथे जुना मिक्सर आहेच, नवा चालतो की नाही ते बघू म्हणून उस्तादांनीच ठेवलेला.